नाव एकच, गाडी वेगळी: जिम्नीचे चार देश आणि चार कागद

परवाच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकताना आकडे निसटतात, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून या वेळी आकड्यांचा भाग जरा सावकाश मांडलाय. बसमध्ये असाल तर वाचा, गाडी चालवत असाल तर फोन खाली ठेवा.

सुरुवात एका फोननं करतो. रात्रीचे अकरा वाजलेले, माझ्या मावसभावाचा फोन. हा अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पुढे राहतो. छोटंसं होमस्टे आहे. मे-जूनमध्ये काजवे बघायला पाहुणे येतात, पावसाळ्यात धबधब्यांसाठी येतात. घरापर्यंतचे शेवटचे तीन-चार किलोमीटर म्हणजे कच्चा रस्ता, पावसात नुसता चिखल.

"अरे, ठरलं माझं," दादा म्हणाला. "जिम्नी घेतोय. काकांची बोलेरो देऊन टाकतो. उद्या बुकिंगचे पैसे भरतो."

मी म्हटलं, "छान! पण जिम्नीच का?"

तर त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला. ऑस्ट्रेलियाचा. लाल माती, मोठमोठे दगड, आणि ती डब्यासारखी चौकोनी गाडी मस्त चढतेय. मग दादा सांगायला लागला: समोर कोणी आडवं आलं तर गाडी आपोआप ब्रेक मारते, पुढे लोखंडी गार्ड लावता येतो, मागे ट्रेलर ओढते, आणि पाच दरवाजे आहेत म्हणजे आम्ही घरचे पाचही जण आरामात मावतो.

या चार वाक्यांपैकी आपल्याकडच्या गाडीला किती लागू पडतात, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. पण काहीतरी खटकलं. मी म्हटलं, "दादा, दोन दिवस थांब. कागद बघू." ते दोन दिवस म्हणजे आजचा भाग.

आधी हे ठरवू की कोणती जिम्नी

जिम्नी हे नाव १९७० पासूनचं आहे. पहिली आली तेव्हा इंजिन होतं ३५९ सीसीचं, टू-स्ट्रोक. आपल्याकडे जिप्सी म्हणून जी आली, १९८५ मध्ये, ती याच घराण्यातली, लांब व्हीलबेसची बहीण. लष्करात, पोलिसांत, जंगल सफारीत आपण सगळ्यांनी ती बघितलीय.

सध्याची पिढी जुलै २०१८ मध्ये जपानमध्ये आली. आणि इथूनच गोंधळ सुरू होतो, कारण ती एक गाडी म्हणून आलीच नाही. पहिल्याच दिवशी दोन होत्या.

एक, साधी जिम्नी. इंजिन ६५८ सीसी टर्बो, ताकद ६४ पीएस. लांबी ३,३९५ मिलिमीटर, रुंदी १,४७५.

दुसरी, जिम्नी सिएरा. इंजिन १,४६२ सीसी, टर्बो नाही, ताकद १०२ पीएस. रुंदी १,६४५. परदेशात जी 'जिम्नी' म्हणून गेली, ती ही.

दोन्ही तीन दरवाज्यांच्या. पाच दरवाज्यांची तिसरी बहीण पुढे जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडच्या ऑटो एक्स्पोत दिसली आणि जून २०२३ मध्ये बाजारात आली. ही बनते गुरुग्राममध्ये. इथूनच ती ऑस्ट्रेलियाला 'जिम्नी एक्सएल' म्हणून जाते, आणि २०२५ पासून जपानला 'जिम्नी नोमेड' म्हणून.

म्हणजे युट्यूबवर 'जिम्नी' शोधलं की निदान तीन वेगळी शरीरं समोर येतात, आणि आपला अंगठा स्क्रोल करताना त्यांच्यात फरक करत नाही. दादाचंही तेच झालं होतं. त्याच्या डोक्यातली जिम्नी तीन देशांतले तुकडे जोडून तयार झालेली होती.

एक गंमत ऐका. तीन दरवाज्यांची जिम्नीसुद्धा भारतात बनली आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंद्रा बंदरातून १८४ गाड्यांची पहिली खेप कोलंबिया आणि पेरूला गेली. बनवली आपण, पण आपल्या शोरूममध्ये ती कधी विकायलाच ठेवली नाही.

देश बदलला की गाडी का बदलते?

आपल्याला वाटतं कंपनी मनाला येईल तसं करते. "तिकडं चांगलं देतात, आपल्याला कमी देतात." थोडं खरं असेलही. पण बऱ्याचदा गाडीचा आकार ठरवतो तो त्या त्या देशाचा कायदा आणि कर. एकेक देश घेऊ.

जपानपासून सुरू करू. तिकडे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत, माणसं जास्तीत जास्त चार. आता वरचे आकडे परत बघा: ३,३९५, १,४७५, ६५८. प्रत्येक आकडा रेषेला अगदी चिकटून थांबलाय. त्याचा फायदा काय, तर केई गाडीला वर्षाचा वाहनकर १०,८०० येन, आणि दीड लिटरच्या नव्या गाडीला ३०,५०० येन. म्हणजे जवळजवळ तिप्पट. शिवाय तिकडच्या डोंगरातल्या रस्त्यांवर, शेताच्या बांधावर अरुंद गाडीच बरी पडते.

आता युरोप. तिकडे धुराचा हिशोब कडक. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या नव्या कारचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरमागे ९५ ग्रॅमच्या आसपास आणा, असं लक्ष्य २०२० पासून लागू झालं. वर गेलात तर प्रत्येक ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. जिम्नीचा आकडा त्या ९५ च्या दीडपटीहून जास्त. म्हणजे जितक्या जिम्नी विकाल तितकी सगळ्या कंपनीची सरासरी बिघडणार. मग काय केलं? चार सीटची जिम्नी मागे घेतली आणि २०२१ मध्ये मागच्या दोन सीट काढून ती मालवाहू गाडी म्हणून परत आणली. मालवाहू गाड्यांचं लक्ष्य सैल होतं, १४७ ग्रॅमचं. मागे सपाट फरशी, मध्ये जाळी, ८६३ लिटर जागा. इंजिन तेच, फोर बाय फोर तेच. बदलली ती फक्त कागदावरची जात, आणि त्यासाठी दोन माणसांची जागा गेली.

ऑस्ट्रेलियात नियम असा की मार्च २०२३ नंतर बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलीच पाहिजे. मार्च २०२५ पासून तर सगळ्याच नव्या कारना. जिम्नी एक्सएल तिकडे २०२३ च्या शेवटी आली, त्यामुळे ती यंत्रणा घेऊनच आली. जपानच्या नोमेडमध्येही ती आहे.

आता आपला भारत. २०२३ मध्ये जिम्नी आली तेव्हा आपल्याकडे खासगी कारला असा नियम नव्हता, आणि गाडीतही ही यंत्रणा नव्हती. कारखाना तोच, बॉडी तीच, पण जहाजावर चढणाऱ्या गाडीत ती आणि नाशिकला येणाऱ्या गाडीत नाही. दादाच्या चार वाक्यांपैकी पहिलं इथंच गळालं.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. त्याच वेळी आपल्याकडच्या जिम्नीत सगळ्यात स्वस्त प्रकारातसुद्धा सहा एअरबॅग होत्या, कायदा दोनच मागत होता तरी. गाडी घसरू नये म्हणून ईएसपी, उतारावर वेग धरून ठेवणारी यंत्रणा, मागचा कॅमेरा, हेही सगळ्या प्रकारांत.

आणि आपला कर? आपल्याकडे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर ती 'छोटी कार'. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला जीएसटी १८ टक्के, बाकीच्यांना ४० टक्के. जिम्नीची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. पण इंजिन १,४६२ सीसी, म्हणून सवलत नाही. एक पाय दारात, एक पाय बाहेर!

याच नियमाचं उलटं उदाहरण महिंद्रा थार. डिझेलसाठी मर्यादा १,५०० सीसीची आहे. म्हणून २०२३ मध्ये थारचा जो स्वस्त डिझेल प्रकार आला, त्यात इंजिन १,४९७ सीसीचं, लांबी ३,९८५ मिलिमीटर, आणि फोर बाय फोर नाही, फक्त मागची चाकं ओढतात. बाहेरून बघितलं तर थार ती थारच. चिखलात उतरल्यावर फरक कळतो.

कागद वाचताना चार ठिकाणी पाय घसरतो

मागच्या भागात मी सांगितलं होतं की परदेशात असाल तर तिकडचं माहितीपत्रक पाठवा. मेलबर्नहून आपल्या एका श्रोतीनं पाठवलं, नागोयाहून एकानं. त्यांचे मनापासून आभार. इंग्लंडचं मी स्वतः शोधलं, आणि चौथं आपलं. चारही कागद शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे ताकद. ऑस्ट्रेलियाच्या कागदावर ७५, आपल्या कागदावर १०५. दादा म्हणाला, "बघ, आपली जास्त पॉवरफुल!" अरे, थांब. तिकडचे ७५ किलोवॅट आहेत, आपले १०५ पीएस. एक किलोवॅट म्हणजे साधारण १.३६ पीएस. ७५ ला १.३६ नं गुणलं की १०२. म्हणजे फरक तीनचा, तीसचा नाही. एकक न बघता आकडा बघायचा नाही, हा पहिला धडा.

दुसरी जागा, लांबी. आपल्या कागदावर पाच दरवाज्यांची जिम्नी ३,९८५. जपानच्या कागदावर तीच गाडी ३,८९०. गाडी समुद्रातून जाताना आखडली का? नाही. मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. तीन दरवाज्यांच्या जिम्नीच्या युरोपातल्या कागदावर तर दोन आकडे स्पष्ट दिले होते: मागच्या दाराला टांगलेली स्टेपनी धरून ३,६४५, आणि स्टेपनी सोडून ३,४८०. घरासमोरच्या शेडमध्ये गाडी मावते का हे बघायचं असेल तर स्टेपनी धरूनचाच आकडा घ्या, कारण भिंतीला आधी तीच लागणार.

तिसरी जागा म्हणजे आपल्या सगळ्यांचा लाडका प्रश्न: ॲव्हरेज किती देते? आपल्याकडे मॅन्युअल जिम्नीचा अधिकृत आकडा लिटरला १६.९४ किलोमीटर. परदेशात उलटं लिहितात: १०० किलोमीटरला किती लिटर. तिथं आकडा लहान म्हणजे चांगला. इंग्लंडमध्ये तीन दरवाज्यांच्या मॅन्युअल जिम्नीला ७.९ लिटर लिहिलं होतं. १०० भागिले ७.९ म्हणजे लिटरला १२.७ किलोमीटर.

आता नीट विचार करा. तीन दरवाज्यांची गाडी शंभरेक किलोनं हलकी. इंजिन त्याच घराण्यातलं. तरी तिचा आकडा कमी? कारण परीक्षा वेगळी. आपल्या चाचणीत गाडी जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटरपर्यंत पळवतात, तिकडच्या नव्या चाचणीत १३१ पर्यंत. दोन वेगळ्या बोर्डांचे टक्के शेजारी ठेवून कोण हुशार हे जसं ठरवता येत नाही, तसंच हे. ॲव्हरेजची तुलना करायची तर एकाच देशाच्या कागदावरच्या दोन गाड्यांची करा. आणि हो, इंग्लंडचा गॅलन ४.५५ लिटरचा आणि अमेरिकेचा ३.७९ लिटरचा, तेव्हा 'मैल पर गॅलन' दिसलं की गॅलन कुणाचा ते आधी विचारा.

चौथी जागा किमतीची. जपानमध्ये नोमेड मॅन्युअल २६ लाख ५१ हजार येनला आली, तिथला उपभोग कर धरून. आपल्याकडे २०२३ मध्ये सुरुवात १२ लाख ७४ हजार रुपयांपासून, पण ती एक्स-शोरूम. त्यात महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे दीड लाखाच्या वर, आणि मग विमा वेगळा. ऑस्ट्रेलियातही जाहिरातीतल्या किमतीवर नोंदणी वगैरेचा खर्च चढतोच. तेव्हा गुगलवर येनचे रुपये करून "तिकडं एवढ्याला, आपल्याकडं एवढ्याला" असं म्हणण्याआधी दोन्ही किमती रस्त्यावर आणून उभ्या करा.

जे कुठेही बदलत नाही

एवढं ऐकून वाटेल की काहीच एकसारखं नाही. तसं नाही. या गाडीचा कणा सगळीकडे तोच आहे. खाली शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे अख्खा दांडा असलेले एक्सल, कॉइल स्प्रिंग, आणि हातानं टाकायचा वेगळा गिअर: टू एच, फोर एच, फोर एल. फोर एल टाकला की वेग कमी होतो पण जोर वाढतो. चिखलातून, दगडावरून गाडी मुंगीसारखी चढते.

आणि हे कुठल्याही प्रकारात काढून टाकलेलं नाही. आपल्याकडे झेटा आणि अल्फा दोन्हींत फोर बाय फोर आहे. फरक काय, तर अल्फात अलॉय चाकं, एलईडी दिवे, नऊ इंची स्क्रीन, क्रूझ कंट्रोल. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये 'लाइट' म्हणून स्वस्त प्रकार काढला, त्यातही तसंच: टचस्क्रीन गेली, लोखंडी चाकं आली, पण फोर बाय फोर राहिलं. पैसे कमी असतील तर काय सोडायचं हे यातून कळतं. स्क्रीन नंतर बसवता येते, ट्रान्सफर केस बसवता येत नाही.

एक सूचना, कारण दरवेळी कोणीतरी विचारतं. ही गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर एचमध्ये चालवायची नाही. यात मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होते. घाटात पाऊस, चिखल, सैल खडी असेल तरच टाका.

पाच दरवाजे करताना मात्र एक गोष्ट बदलली. दोन चाकांमधलं अंतर २,२५० वरून २,५९० मिलिमीटर झालं. जमिनीपासूनची उंची दोन्हींची २१०. पण अंतर वाढलं की मधलं पोट टेकायची शक्यता वाढते. मधल्या उंचवट्याचा कोन तीन दरवाज्यांत २८ अंश, पाच दरवाज्यांत २४. वळायला लागणारी त्रिज्या ४.९ मीटर होती, ती ५.७ झाली. म्हणजे तीन दरवाज्यांची गाडी एका दमात वळताना व्हिडिओत दिसली, तर त्याच वळणावर तुम्हाला कदाचित एकदा मागे घ्यावी लागेल. यात वाईट काही नाही. मागच्या सीटवर माणूस बसवायचा तर एवढी किंमत द्यावीच लागते.

गार्ड, मोठे टायर आणि कायदा

दादाचं दुसरं वाक्य: पुढे लोखंडी गार्ड. ऑस्ट्रेलियात रात्री कांगारू आडवे येतात, तिथे तो नियमात बसवून सर्रास लावतात. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की क्रॅश गार्ड, बुल बार बेकायदा आहेत, कारवाई करा. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर लोखंड जास्त इजा करतं, हे त्यामागचं कारण.

तसंच गाडी उंच करणं, फार मोठे टायर लावणं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत. उद्या अपघात झाला आणि विम्याचा दावा केला, तर पहिला प्रश्न तोच येऊ शकतो.

ट्रेलरचंही तेच. ऑस्ट्रेलियाच्या कागदावर ब्रेकवाला ट्रेलर असेल तर १,३०० किलोपर्यंत ओढायची परवानगी छापलेली आहे. तो आकडा त्या देशाच्या मंजुरीचा आहे. आपल्या कागदावर जे छापलेलं असेल तेवढंच आपलं. दादाचं दुसरं आणि तिसरं वाक्यही असं गळालं.

आणि मग ती एक ओळ

आता चौथं वाक्य. पाच दरवाजे म्हणून पाच माणसं.

तिन्ही कागदांवर, आपला असो की मेलबर्नचा की नागोयाचा, पाच दरवाज्यांच्या जिम्नीपुढे बसायची संख्या एकच लिहिलेली होती: चार. पाचवा दरवाजा म्हणजे मागचा, डिकीचा, ज्याला स्टेपनी टांगलीय तो. मागे दोनच सीट, दोनच बेल्ट. इंग्लंडचा कागद मालवाहूचा होता, तिथं तर दोनच.

दादाच्या घरी माणसं पाच. दादा, वहिनी, दोन मुलं आणि मावशी.

मी फोन केला. म्हटलं, "दादा, सीट चारच आहेत." पलीकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मुलं लहान आहेत रे, ॲडजस्ट होईल." आपण सगळेच असं म्हणतो. पण पाचव्या माणसाला बेल्ट नाही, आणि त्या घाटात बेल्ट नसलेलं मूल म्हणजे काय, हे त्यालाही माहीत होतं.

मी आणखी एक हिशोब सांगितला. आपल्या कागदावर गाडीचं रिकामं वजन ११९५ ते १२१० किलो आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन १५४५. म्हणजे उचलायची परवानगी साधारण ३३५ ते ३५० किलो. सत्तर किलोची चार माणसं म्हणजे २८०. उरले पंचावन्न ते सत्तर. त्यात टपावर कॅरिअर, पाहुण्यांच्या बॅगा, गॅसची टाकी. संपलं. होमस्टेसाठी बाजारहाट करणाऱ्या माणसाला हा आकडा एअरबॅगइतकाच महत्त्वाचा आहे, आणि जाहिरातीत तो कुठेच नसतो.

तरीही आम्ही टेस्ट ड्राइव्हला गेलो. सगळे. गाडी चालवून दादा खूश होता, आणि खरं सांगतो, मीही होतो. खड्ड्यातून ती ज्या थाटात निघते ना! परत आल्यावर मावशी मागच्या सीटवरून उतरली, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "गाडी गोड आहे. पण मग मी घरी राहायचं का?"

कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी बुकिंग झालं नाही. बोलेरो विकायची नाही, एवढं मात्र घरी येईपर्यंत ठरलं. दादा आता म्हणतोय की दोन हंगाम जाऊ देत, पैसे साठले तर जिम्नी दुसरी गाडी म्हणून घेईन, बोलेरोच्या जोडीला. मला वाटतं तेव्हा ती त्याला खरंच शोभेल.

जिम्नी वाईट आहे, असं मी अजिबात म्हणत नाहीये. जपानमध्ये नोमेड जाहीर झाल्यावर चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला बुकिंगच थांबवावं लागलं. उगाच नाही. पण तिकडचा माणूस ज्या गरजेसाठी ती घेतो, तीच आपली गरज आहे का, हे आपणच बघायचं.

बुकिंगच्या आधी

तुम्ही कुठलीही गाडी घेत असाल, जिम्नी, थार किंवा आणखी काही, तर एवढं करा.

पहिलं: व्हिडिओ कुठल्या देशाचा, कुठल्या वर्षाचा, किती दरवाज्यांचा, ते बघा. सुरक्षेच्या ताऱ्यांनाही हेच लागू. २०१८ मध्ये युरो एनकॅपनं जिम्नीला तीन तारे दिले, ते युरोपातल्या तीन दरवाज्यांच्या गाडीला. ते तारे उचलून आपल्या पाच दरवाज्यांना चिकटवता येत नाहीत, ना चांगलं म्हणायला, ना वाईट म्हणायला.

दुसरं: आपल्या देशाचा, आपल्या प्रकाराचा कागद हातात घ्या. काही गोष्टी फक्त वरच्या प्रकाराला किंवा फक्त ऑटोमॅटिकला मिळतात. ज्या रकान्यापुढे आडवी रेघ आहे, तो रकाना नीट वाचा.

तिसरं: प्रत्येक आकड्याचं एकक बघा.

चौथं: माणसं मोजा, वजन मोजा. दरवाजे मोजू नका.

पाचवं: टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सगळ्यांना न्या. खास करून त्यांना, जे आपण होऊन काही बोलत नाहीत.

तुमच्याकडे असा एखादा कागद असेल, दुबईचा, केनियाचा, कुठलाही, तर फोटो काढून पाठवा. आणि कोणी उद्या बुकिंगचे पैसे भरणार असेल, तर आजच त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.